पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांचें शिक्षण व प्रमादांची चिकित्सा

पोथ्यांचें संशोधन करणारांस हें विदितच आहे कीं, लेखकप्रमाद केवळ खोडून टाकावयाचा नसतो. एकच प्रमाद अनेक प्रतींत आढळल्यास त्या एका मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असा माग लागतो. हाच न्याय अमेरिकेंत अध्यापकांच्या शिक्षणास कसा लावला गेला, तें येथें संक्षेपानें देण्याचें योजिलें आहे.

सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत अर्नोल्ड अॅरन्स हे इ. स. १९६८ मध्यें आले व भावी अध्यापकांच्या वर्गांकडे त्यांनीं लक्ष घातलें. इ. स. २०२० मध्यें दिवंगत झालेल्या लिलियन मॅकडर्मटबाई यांनीं तें कार्य पुढें चालवून, विद्यार्थ्यांच्या चुकांचाच पद्धतशीर अभ्यास आरंभिला.

पीटर शॅफर यांच्यासह त्यांनीं इ. स. १९९२ मध्यें विद्युन्मंडलांविषयींचे लेख प्रसिद्ध केले. त्यांचा एक प्रश्न पाहण्याजोगा आहे. सारखे पांच दिवे व सारख्या तीन घटमाला घ्याव्या. एकीस एकच दिवा, दुसरीस दोन दिवे एकसर व तिसरीस दोन समांतर जोडावे. तेजाचा क्रम सांगावा. एकटा दिवा व समांतर जोडलेले दोन हे समान तेजस्वी, एकसर दोन मंद व परस्परांशीं समान, हें खरें उत्तर. हजाराहून अधिक विद्यार्थ्यांपैकीं सुमारें १५ टक्क्यांनींच तें दिलें. आणि विषय शिकविल्यानंतरही प्रमाण फारसें पालटलें नाहीं. पहिला दिवा प्रवाह खाऊन टाकतो, अशी अनेकांची समजूत होती.

याहून गंभीर गोष्ट ही कीं, शाळांतून हाच विषय शिकविणाऱ्या अध्यापकांचीं उत्तरेंही याच मासल्याचीं निघालीं. म्हणजे अपपाठ मूळ प्रतींतच होता. उतारे शुद्ध कोठून निघावे? ज्यास विषय येतो त्यास शिकवितां येतें, हें मत कोणी मांडील. परंतु विषय येतो म्हणजे काय, हाच येथें वाद आहे; सूत्रें लावून उदाहरणें सोडविणारेही या साध्या प्रश्नांत अडखळले.

या चिकित्सेंतून इ. स. १९९६ मध्यें ‘फिजिक्स बाय इन्क्वायरी’ हा दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत व्याख्यान नाहीं. भावी अध्यापकानें घट, तार व दिवा हातीं घेऊन प्रवाहाची कल्पना स्वतः बांधावयाची, अशी योजना आहे.

आम्हीं स्वतः संस्कृताच्या वर्गांत कित्येक वर्षें चुकांवर तांबडी रेघ ओढण्यांत घालविलीं. त्या चुकांचीं टिपणें ठेविलीं असतीं, तर त्यांतील कांहींचें मूळ आमच्याच शिकवण्यांत सांपडलें असतें, असें आतां वाटतें.