क्लच नाही, गिअर नाही: 'मिशिगन मॅडमॅन'ची गोष्ट

आज आपण जाणार आहोत १९६० च्या अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या इथाका नावाच्या छोट्या गावात. तिथला एक पोरगा, ई. जे. पॉटर. जन्म १९४१ चा, म्हणजे वय जेमतेम १९. त्यानं काय केलं, तर हार्ले-डेव्हिडसनच्या सांगाड्यात चक्क शेव्हरोले कारचं व्ही-८ इंजिन बसवलं. आठ सिलिंडर! आपल्या बुलेटला असतो एक.

एवढी ताकद पेलेल असा बाइकचा क्लच त्याच्याकडे नव्हता. मग त्यानं क्लच आणि गिअरबॉक्स दोन्हींना सुट्टीच दिली. बाइक स्टँडवर चढवायची, मागचं चाक हवेत. इंजिन रेझ करायचं, चाक गरगर फिरलं की बाइक पुढे ढकलून स्टँडवरून खाली सोडायची. बस्स, सुटली! धुराचे लोट काढत पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर, पार.

लोक म्हणाले, वेडाच आहे. 'मिशिगन मॅडमॅन' हे नाव कायमचं चिकटलं. पण जरा विचार करा. इंजिन जोरात फिरतंय, गाडी मात्र जागेवर. हा फरक घसरत घसरत भरून काढतो तो क्लच. पॉटरच्या बाइकवर तेच काम टायर करत होता! वेडात हिशोब होता. फक्त चूक झाली तर ती निस्तरायला वेळ नव्हता.

सुरुवातीला ट्रॅकवाल्याशी सौदा ठरला होता: ताशी जितके मैल, तितके डॉलर. म्हणजे जीव जितका टांगणीला, तितकी कमाई जास्त. त्याच्या बाइकची नावंच बघा, 'ब्लडी मेरी' आणि 'विडोमेकर', म्हणजे बायकोला विधवा करणारी. अशा बाइकसमोर उभं राहणार कोण? त्यामुळे त्याच्या बहुतेक धावा या शर्यती नव्हत्या, खेळ होते. लोक तिकीट काढून यायचे ते हा जिवंत परत येतो का, हे बघायला.

तो आला. पुढे त्यानं लढाऊ विमानाचं ॲलिसन व्ही-१२ इंजिन लावून ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धाही गाजवल्या. २०१२ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी तो गेला, पण ट्रॅकवर नाही.

आजच्या ड्रॅग बाइकमध्ये मुद्दाम, मोजून-मापून घसरणारा क्लच असतो. पॉटरचा टायर जळत जळत जे करायचा, तेच काम आता तो करतो. म्हणून पुढच्या वेळी त्याचा धुराचा जुना व्हिडिओ दिसला, तर नजर टायरवर ठेवा. आणि हो, घरी ट्राय करू नका!