फौजी कुटुंबं आपल्याकडेच का आली?

लोहगाव विमानतळाजवळच्या आपल्या सोसायटीत फौजी कुटुंबं पहिल्यापासून बरीच. "विमानांचा एवढा आवाज, तरी इथेच घर का घेतलंत?" असं पाहुणे त्यांना हमखास विचारतात.

१८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुणे आणि खडकी इथे इंग्रजांच्या छावण्या वसल्या. १९३९ मध्ये लोहगावला हवाई तळ आला. पण सरकारी क्वार्टर नोकरीपुरतं. त्यासाठीही नंबर लावायचा आणि बदली झाली की सामान बांधायचं. म्हणून विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर भागात फौजी मंडळी स्वतःची घरं बघू लागली.

बघताना हिशेब साधा: शाळा, इस्पितळ, कँटीन. बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालयं निघाली. देशात कुठेही जा, अभ्यासक्रम तोच. २००३ मध्ये माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आली, तेव्हा निवृत्तांनाही छावणीजवळ राहणं सोयीचं झालं.

खरी कसोटी मात्र 'फील्ड पोस्टिंग'ची. तिथे कुटुंब नेता येत नाही. आई एकटीच मुलांची दहावी, सासऱ्यांचं बीपी, बँकेचा हप्ता सांभाळते. मध्यरात्री पोराला ताप भरला तर शेजारचं दार वाजवायचं. ते उघडेल, हा भरवसा होता म्हणून सीमेवरचा माणूस निर्धास्त राहिला आणि निवृत्तीनंतर इथेच परतला.

पुढच्या पंचवीस वर्षांतही आपली दारं अशीच उघडोत.