विमानाचा मेकॅनिक व्हायचंय? एएमई कोर्स, लायसन्स आणि नोकरी यांचा मेळ कुठे बसतो, कुठे नाही

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्या चाकूरमध्ये चर्चेचे विषय दोनच, नीट आणि जेईई. लातूर पॅटर्नच्या इतक्या जवळ राहिल्यावर दुसरं काय होणार! पण हल्ली मोबाईलवर तिसरीच जाहिरात फिरताना दिसते: एएमई करा, एअरलाईनमध्ये नोकरी पक्की. गावातली पोरं मला त्याचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि विचारतात, "दादा, हे खरं आहे का?" फी लाखांत असते, ती भरायला काही घरांत रान गहाण पडतं. म्हणून हा विषय जरा सविस्तर सांगतो.

एएमई म्हणजे काय?

एएमई म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. नावात इंजिनिअर असलं तरी ही बीई किंवा बीटेकसारखी पदवी नाही, हे लायसन्स आहे. ते डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. दुरुस्ती झाल्यावर "हे विमान उडायला योग्य आहे" अशी सही हा माणूस करतो. ती सही झाल्याशिवाय विमान प्रवासी घेऊन निघत नाही. ड्रायव्हिंग लायसन्ससारखंच समजा, फक्त इथे सही चुकली तर दीडशे-दोनशे जीव धोक्यात येतात.

लायसन्सचे नियम सीएआर ६६ मध्ये आहेत आणि शिकवणाऱ्या संस्थांचे सीएआर १४७ मध्ये. लायसन्सच्या दोन कॅटेगरी लक्षात ठेवल्या तरी पुरे. बी-१ म्हणजे मेकॅनिकल बाजू: इंजिन, सांगाडा, हायड्रॉलिक्स. यातल्या बी-१.१ मध्ये जेट आणि टर्बोप्रॉप विमानं येतात. बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स: वायरिंग, रेडिओ, नेव्हिगेशन, ऑटोपायलट. प्रवेशाला बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्ससह पास हवी. मॉड्यूलच्या परीक्षा डीजीसीए घेतं, प्रश्न पर्यायांचे असतात आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. इथे ३५ वर पास होण्याची सवय सोडावी लागते.

कोर्स संपला, पण लायसन्स कुठंय?

बहुतेक पोरं इथेच फसतात. कोर्स पूर्ण होणं आणि लायसन्स हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉड्यूल सगळे सुटले तरी चालू विमानांवर प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव लागतो. बी-१.१ किंवा बी-२ साठी मान्यताप्राप्त सीएआर १४७ कोर्स केलेल्याला २ वर्षं, आणि आधीचं कसलंच तांत्रिक शिक्षण नसलेल्याला ५ वर्षं. "चालू विमान" हा शब्द महत्त्वाचा आहे. संस्थेच्या शेडमध्ये उभं केलेलं जुनं विमान त्यात धरत नाहीत.

लायसन्स मिळाल्यावरही लगेच एअरबसवर सही करता येत नाही. त्या विशिष्ट विमानाचं टाईप रेटिंग लागतं, तेही इंजिनसकट. ए३२० निओला लीप इंजिन असेल तर एक रेटिंग, प्रॅट अँड व्हिटनीचं असेल तर दुसरं. बाहेरून विमान तेच दिसतं, पण आतलं इंजिन वेगळं म्हणून अभ्यासही वेगळा.

माझा मावसभाऊ एका खासगी संस्थेतून शिकला (संस्थेचं नाव घेत नाही). दोन वर्षं त्याने पिस्टन इंजिनच्या छोट्या विमानावर हात मळवले. रिव्हेट मारणं, सेफ्टी वायर बांधणं, टॉर्क रेंच धरणं हे सगळं तो छान शिकला. मुलाखतीत मात्र प्रश्न आले मोठ्या जेटच्या ब्लीड एअर सिस्टीमवर. पुस्तकातली आकृती त्याला पाठ होती, पण तो व्हॉल्व्ह त्याने कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. शेवटचा प्रश्न अनुभवाचा होता. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! आता तो हैदराबादला एका देखभाल कंपनीत मदतनीस आहे, लॉगबुकात एकेक काम नोंदवतोय आणि राहिलेले मॉड्यूल देतोय.

मग मागणी खोटी आहे का?

नाही, मागणी खरी आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची, आणि जानेवारी २०२४ मध्ये अकासाने १५० ची. ही विमानं यायला वर्षं लागतील, पण आलेलं प्रत्येक विमान तपासायला माणसं लागणारच. शिवाय आपल्या कंपन्या मोठ्या दुरुस्तीसाठी विमानं आणि इंजिनं परदेशात पाठवत आल्या आहेत. ते काम देशात राहावं म्हणून २०२० मध्ये देखभाल सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आणला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादला साफ्रान कंपनीच्या लीप इंजिन दुरुस्ती केंद्राचं उद्घाटन झालं.

म्हणजे एकीकडे कंपन्यांना तयार माणूस हवाय आणि दुसरीकडे कोर्स केलेली पोरं घरी बसलीत. माझ्या मते दोष पोरांच्या हुशारीत नाही. वर्ग आणि हँगर यांच्यामध्ये पूल बांधायची जबाबदारी बराच काळ कोणीच घेतली नाही.

पूल बांधणारे काही जण

हैदराबाद विमानतळावर जीएमआर एरो टेक्निक ही मोठी देखभाल कंपनी आहे. त्याच समूहाच्या जीएमआर स्कूल ऑफ एव्हिएशनने चार वर्षांचा कार्यक्रम आखला: दोन वर्षं वर्गात, दोन वर्षं थेट त्या हँगरमध्ये. म्हणजे अनुभवाची अट शिक्षणातच बसवली. आपल्या चाकूर-नांदेडकडच्यांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद तसंही जवळचं वाटतं. एअर इंडियानेही बेंगळुरूला अशीच दोन अधिक दोन वर्षांची संस्था उभारण्याचं जाहीर केलं आहे.

दुसरा नमुना नागपूरचा, आणि तो मला जास्त आवडतो, कारण तो आयटीआयमधला आहे. २०१६ मध्ये राफेलचा करार झाला. पुढे मिहानमध्ये दसॉ रिलायन्स एरोस्पेसचा कारखाना आला आणि तिथे फाल्कन विमानांचे भाग बनू लागले. असे भाग जोडणारा माणूस आपल्याकडच्या साध्या फिटर ट्रेडमधून तयार होत नव्हता. मग दसॉच्या मदतीने नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर हा नवा ट्रेड आला. कारखान्याला काय लागतं ते आधी ठरलं आणि अभ्यासक्रम त्यावरून बेतला. मात्र यातून एएमई लायसन्स मिळत नाही, हा विमान बनवण्याकडचा रस्ता आहे. जून २०२५ मध्ये फाल्कन २००० हे अख्खं विमान नागपुरात जोडण्याचं जाहीर झालं, तेव्हा या ट्रेडला आणखी वजन आलं. नाशिकजवळ ओझरला एचएएल आहे, तिथेही आयटीआयवाल्यांना ॲप्रेंटिसशिपचा मार्ग असतो.

पैसे भरण्याआधी

मोबाईल हातात आहेच, तर आधी डीजीसीएची वेबसाईट उघडा आणि मान्यताप्राप्त सीएआर १४७ संस्थांच्या यादीत नाव शोधा. नाव असेल तर मान्यता कोणत्या कॅटेगरीची आहे तेही बघा, कारण बी-१.२ म्हणजे पिस्टन विमानं आणि बी-१.१ म्हणजे जेट, यात नोकरीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. डीजीसीए कॉलेज प्रवेशासाठी परीक्षा घेत नाही, त्यामुळे "सरकारी प्रवेश परीक्षा" म्हणून कोणी फॉर्मचे पैसे मागितले तर सावध व्हा.

मग संस्थेला फोन लावून विचारा: मागच्या बॅचच्या किती जणांचे सगळे मॉड्यूल सुटले? अनुभवाची दोन वर्षं कोणत्या कंपनीत होतात, आणि तसा लेखी करार आहे का? "शंभर टक्के प्लेसमेंट" हे उत्तर धरू नका, कंपनीचं नाव मागा. जमलं तर तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याचं लॉगबुक बघायला मागा. त्यात कोणत्या विमानांवरची कामं लिहिली आहेत, यावरून संस्थेची खरी ओळख पटते.

आणखी एक, इंग्रजी. मेंटेनन्स मॅन्युअल इंग्रजीतच असतं. फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल, पण वाचलेलं वाक्य नेमकं कळायला हवं. त्याची तयारी अकरावीपासून घरबसल्या, फुकटात सुरू करता येते.