दोन कागदांची गोष्ट



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका बचत गटाची बैठक संपली. हप्ते जमा झाले, पासबुकं भरली, सगळ्या घरी निघाल्या. एक जण मात्र मागे थांबली. कॅथलिक घरातली, नवऱ्यापासून बरीच वर्षं वेगळी राहणारी. पिशवीतून एक कागद काढून म्हणाली, "ताई, बिशपांच्या ऑफिसातून हा आलाय. माझं लग्न रद्द ठरलं म्हणतात. आता मी मोकळी ना?"

आमच्यापैकी एकीलाही उत्तर देता आलं नाही. मग आम्ही तालुक्याला जाऊन वकीलबाईंना विचारलं, फादरांशी बोललो, मिळालं ते वाचलं. त्यातून एक मोठा इतिहास कळला. तोच आज तुम्हाला सांगायचा आहे.

आधी चर्चचं म्हणणं समजून घेऊ. कॅथलिक शिकवणुकीत लग्न हा पवित्र संस्कार आहे. देवासमोर जुळलेली गाठ मरेपर्यंत सुटत नाही, म्हणून चर्च घटस्फोट मानत नाही. पण चर्चचं स्वतःचं न्यायालय असतं. तिथे वेगळा प्रश्न विचारला जातो: ही गाठ मुळात नीट बसली होती का? होकार जबरदस्तीनं घेतला असेल, मोठी गोष्ट लपवून फसवलं असेल, किंवा लग्नाची जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवतच नसेल, तर ते न्यायालय सांगतं की हे लग्न धर्माच्या दृष्टीनं झालंच नव्हतं. आपल्या मैत्रिणीच्या हातात होता तो हा कागद. यामुळे मुलं अनौरस ठरतील अशी भीती पुष्कळ जणींना वाटते. चर्चचा नियमही तसं म्हणत नाही.

आता सरकारी कायदा. आपल्याला वाटतं, धर्म बाईला बांधून ठेवतो आणि कायदा सोडवतो. इथे मात्र कायद्यानंच बाईला शंभरावर वर्षं बांधून ठेवलं होतं.

१८६९ साली इंग्रज सरकारनं भारतातल्या ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा कायदा केला. तो इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेला होता. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. व्यभिचार आणि शिवाय छळ, किंवा व्यभिचार आणि शिवाय दोन वर्षं टाकून देणं, असं दुहेरी सिद्ध करावं लागे. नवरा रोज मारतो, पण बाहेर कुणी बाई नाही, तर घटस्फोट नाही. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाकडून नवऱ्याला नुकसानभरपाई मागता येई, जणू शेजाऱ्याच्या गुरानं आपलं शेत खाल्लं! खटला चालू असताना बायकोला मिळणाऱ्या पोटगीलाही नवऱ्याच्या मिळकतीच्या एक पंचमांशाची मर्यादा होती. जिल्हा न्यायालयानं घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयानं तो कायम केल्याशिवाय सुटका नव्हती.

इंग्लंडनं व्यभिचाराच्या बाबतीतला हा भेद १९२३ साली काढून टाकला. आपल्याकडे स्वातंत्र्य आलं, १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला, तरी ख्रिस्ती बायकांचा कायदा तिथेच राहिला. अल्पसंख्याकांच्या धर्मात हात कशाला घाला, असं म्हणत सरकारं गप्प बसली. खरं तर ते कलम बायबलातून आलेलं नव्हतं, लंडनहून आलं होतं.

शेवटी बायकाच न्यायालयात गेल्या. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयानं आणि १९९७ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ही दुहेरी अट घटनेतल्या समानतेला धरून नाही. नुसता छळ किंवा नुसतं टाकून देणंही पुरेसं आहे. ख्रिस्ती महिला संघटनांनी आणि अनेक चर्चच्या प्रतिनिधींनीही नवा कायदा मागितला होता. २००१ साली संसदेनं कायदा बदलला. नवऱ्याला आणि बायकोला एकच कारणं लागू झाली. भरपाईचं कलम गेलं, पोटगीची मर्यादा गेली, संमतीनं घटस्फोट घेण्याची सोय झाली.

पण दोन न्यायालयांचा प्रश्न उरलाच. केरळातल्या एका बाईंचं पहिलं लग्न चर्चच्या न्यायालयानं रद्द ठरवलं होतं. त्यांनी दुसरं लग्न केलं. पुढे त्याच दुसऱ्या नवऱ्यानं, हिचं पहिलं लग्न कायम आहे म्हणून आमचं लग्नच खोटं, असा दावा केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की चर्चचा निर्णय धर्मापुरता. कायद्यानं लग्न मोडायचं तर न्यायालयाचाच हुकूम हवा. २०१७ साली, चर्चच्या न्यायालयाचे निर्णय सरकारनं मानावेत, ही मागणीही सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

उलट बाजूही तशीच आहे. कोर्टानं घटस्फोट दिला म्हणून चर्च पुन्हा लग्न लावत नाही. चर्चच्या हिशेबी पहिली गाठ अजून बांधलेलीच असते.

म्हणजे बाईनं काय करायचं? आम्ही त्या मैत्रिणीला सांगितलं: तुझा कागद खोटा नाही, पण अर्धा आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय दुसरं लग्न केलंस तर तो गुन्हा ठरेल. ती घाबरून म्हणाली, "कोर्टात गेले तर पाप लागेल का?" तेव्हा फादरांकडून कळलेली गोष्ट फार उपयोगी पडली. स्वतःचे हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारसा राखायला कोर्टाचा घटस्फोट हाच मार्ग उरला असेल, तर तो घेणं पाप नाही, असं चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच म्हटलं आहे. तो घेतलेली आणि पुन्हा लग्न न केलेली बाई चर्चमधून बाहेर टाकली जात नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या न्यायालयाची रीतही सोपी केली. पूर्वी दोन निकाल सारखे लागावे लागत, आता एक पुरतो.

पुढे लग्न करायचं की नाही, श्रद्धेचं काय करायचं, हे तिचं तिनं ठरवायचं. ते सांगणारे आम्ही कोण? पण ठरवताना दोन्ही कागद तिच्यासमोर असले पाहिजेत.

आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट फक्त ख्रिस्ती बायकांची नाही. आपल्याकडेही पंचांसमोर, स्टँपवर सोडचिठ्ठी लिहून घेतात आणि मुलगी मोकळी झाली म्हणतात. त्या कागदानं एरवी घटस्फोट होत नाही. समाजाची तशी जुनी रूढी आहे असं कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि ते सोपं नसतं. तुमच्या गटात असा कागद कुणाकडे असेल तर तो ट्रंकेतून बाहेर काढा. तालुका विधी सेवा समितीत बाईला मिळकतीची अट न लावता फुकट वकील मिळतो. १५१०० या नंबरावर फोनही करता येतो.

आपली मैत्रीण मागच्या महिन्यात तिथे जाऊन आली. अर्ज भरलाय, तारीख मिळालीय. तारखेला आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत जाणार आहोत.