माडाला हंगाम नसतो

रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याने भाट्ये पूल ओलांडला की प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र लागतं. ते १९५५ सालचं, म्हणजे आज ज्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली आहे त्याच्याही (१९७२) आधीचं. नारळाची 'प्रताप' ही जात इथली. शोधनिबंधांत हे सगळं येतं. माडावर चढणारा माणूस मात्र 'साहित्य व पद्धती'तसुद्धा सापडत नाही.

संकरित नारळ करायचा तर काय करावं लागतं बघा. माडावर चढायचं, पोय उघडली की नरफुलं काढायची, पिशवी बांधायची, मादीफुलं तयार झाली की पुन्हा चढून पराग सोडायचा. चांगल्या माडाला जवळजवळ दर महिन्याला नवी पोय येते आणि नारळ पिकायला वर्ष लागतं. मग हे काम तात्पुरतं कधी असतं?

महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार कायद्यात, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं 'तात्पुरता' ठेवणं ही अनुचित प्रथा मानली आहे. विद्यापीठ हा 'उद्योग' असू शकतो का, यावरच आधी वाद होता. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं, १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात हो म्हटलं. युनियनला दार उघडलं.

पण टेबलापलीकडे कोण बसलंय? रजा, हजेरी, कामाची वाटणी यांवर विद्यापीठ बोलू शकतं. कायमपणाचा विषय निघाला की पद लागतं, आणि नवं पद निर्माण करायला सरकारची मान्यता लागते. म्हणजे बोलणी दापोलीत किंवा राहुरीत, किल्ली मंत्रालयात! असे वाद कोर्टात जातात ते मला तरी यामुळेच वाटतं.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ विरुद्ध नाशिक जिल्हा शेतकामगार युनियन हा त्यातला मोठा खटला. २००१ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पदंच नसतील तर नुसतं वर्षानुवर्षं काम दिलं म्हणून कायमपणा मिळत नाही. हंगामी काम दरवर्षी मिळत राहिलं तरी नाही. 'हंगामी' हा शब्द माडाखाली उभं राहून वाचा म्हणजे तो किती तोकडा पडतो ते कळेल. अर्थात निकालाचा भार हंगामावर नव्हता, पदावर होता. काम माड ठरवतो, पद सरकार ठरवतं.

पुढे २००६च्या उमादेवी निकालाने तर सरकारी ठिकाणी मागच्या दाराने कायम होणं जवळपास बंद केलं. २००९ साली एसटीच्या कास्ट्राईब संघटनेच्या खटल्यात थोडी जागा मिळाली: पदं असूनही माणसांना तात्पुरतं ठेवलं असेल, तर औद्योगिक न्यायालयाचा अधिकार शाबूत आहे.

त्यामुळे आज अशा वादात 'किती वर्षं राबलात?' हा पहिला प्रश्न नसतो. मंजूर पदं किती, त्यातली रिक्त किती, हे आधी विचारतात. मस्टरइतकाच आकृतिबंधाचा कागद महत्त्वाचा ठरतो, आणि तो माहितीच्या अधिकारात मागता येतो.