तळटीप १२ : ‘मोऱ्याच्या लाँचीत नारायणरावांची तबकडी’

१२. नारायणराव : नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७). १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीची स्थापना. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर ‘वन्समोर’ घेत जे पद ते कितीतरी वेळ फुलवीत, ते इथे मुखडा, अंतरा आणि दोनचार तानांत आटपावे लागे. तरीही शब्द न मोडता, लयीला किंचित मागे रेलून समेवर येण्याची त्यांची रीत त्या लाखेच्या थाळीतही स्वच्छ ऐकू येते. कंपनीचा मुक्काम कधी न पडलेल्या गावांत नाट्यसंगीत पोहोचले ते असे. पुढच्या कित्येक गायकांनी ही पदे तबकड्या ऐकूनच गळ्यावर चढवली. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातील आनंद भाटे यांचे गाणे त्याच वळणाचे. मोरा : उरणजवळचे बंदर, मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच इथे लागते. उरण पूर्वी पनवेल तालुक्याचा पेटा होता, म्हणून मजकुरात ‘पनवेलकडचा मोरा’.