शिपायाचे घर कोणते?

अमेरिकेत संघसरकारबरोबर बहुतेक राज्येही आयकर आकारतात. मग लुइझियानाचा रहिवासी असलेला अधिकारी हुकमाने कोलोरॅडोत राहिला, तर तो करदाता कोणाचा? १९४२ च्या दुरुस्तीने ठरवले की, लष्करी हुकमामुळे झालेल्या स्थलांतराने सैनिकाचे मूळ वास्तव्य पुसले जात नाही. त्याच्या लष्करी वेतनावर नेमणुकीच्या राज्याचा हक्क नाही. १९५३ साली ‘डॅमेरॉन विरुद्ध ब्रॉडहेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरातील चीजवस्तूंवरील कराबाबतही हेच संरक्षण मान्य केले. मूळ राज्य तो कर घेत नसले, तरीही. मात्र सोबत बिऱ्हाड हलवणाऱ्या पत्नीच्या कमाईला असे संरक्षण मिळायला २००९ साल उजाडले. ‘घर’ या शब्दाचे अर्थ वर्गात शिकवणाऱ्या आम्हांला ही मधली ६७ वर्षे अस्वस्थ करतात.